छाट

नान्नजच्या माळावर मी एक प्रश्न घेऊन जाते.
नियमावली गाडीतच राहते, एकशे दहा पानं.
हातात पाटी, पेन आणि तो प्रश्न,
पुण्यातल्या एका थंडगार खोलीत
सहा जणांनी तासून गुळगुळीत केलेला:
माळढोक टिकावा म्हणून आपले कुटुंब
दरसाल किती रुपये देण्यास तयार आहे?

परवा होटगी रोडच्या कचेरीत
साखरेच्या व्यवहारातले एक गृहस्थ
फोनमधून मान न काढता म्हणाले, पाचशे लिहा.
चहा मागवला.
पक्षी केवढा असतो, विचारलं.
मी हात पसरून दाखवले.
"मग हजार लिहा की!"
मी पाचशेच ठेवले. पहिलं उत्तर धरायचं असतं.

इथे मायाक्का सरगर
मेंढीचा खूर मांडीवर घेऊन
कुसळं उपटते आहे दातांत सुई धरून.
प्रश्न ऐकते. सुई काढते.
"माळ इकाया काढलाय का कुणी?"
नाही मावशी, समजा...
"समजा म्हंजी?"
मी काल्पनिक बाजार समजावू लागते.
वारा येतो, पवन्या एका कुशीवर होतं,
दूर एक काळवीट आमच्याकडे पाहून
पुन्हा खाली मान घालतं.
"लांडग्याला इचारलंस का, त्यो किती देनार?
त्यो बी हितंच जेवतो."

मग कमरेच्या पिशवीतून,
बिब्बे, चुन्याची डबी, दोऱ्याचं रीळ, सगळ्याच्या खालून
ती घडी घडी उलगडत काढते
वनखात्याची पावती.
बंद क्षेत्रात चराई. मेंढ्या बेचाळीस.
रुपये पाचशे फक्त.
"ह्ये दिल्यात की म्या. पाखरासाठीच, म्हनला गार्ड.
घाल तुज्या कागदात."

पण कागदात ते जात नाही.
दंड म्हणजे स्वेच्छा नव्हे.
स्वेच्छेपुढे तिच्या शून्य पडतं,
आणि तेही साधं शून्य नाही.
ज्याला द्यायला नाही त्याचं शून्य वेगळं,
ज्याला पर्वा नाही त्याचं वेगळं,
आणि जो प्रश्नच परत करतो
त्याच्या शून्याला नियमावलीत नाव आहे: निषेध-शून्य.
पान एकोणसत्तर.
अशी उत्तरे विश्लेषणातून वगळावीत.

पावतीचा फोटो घेते. का, ते मला सांगता येत नाही.

रात्री अशोक चौकातल्या घरात
अम्मा सुपावर वाकलेली.
भिजवलेलं पान, पत्र्याचं माप, कात्री,
चिमूट तंबाखू, वळी, दोरा.
पान येतं लांबच्या कुठल्या जंगलातून;
ते तोडणाऱ्या बाईला पुड्यामागे काय पडतं
हे माझ्या एका तक्त्यात आहे.
अम्मा नुसतं बोटांनी चाचपते आणि म्हणते,
यंदा घाईत तोडलंय, कोवळं आहे.
कोवळं पान फाटतं. फाटलं की छाट.
कारखान्यात चेकर हातानेच बाजूला सारतो,
बोलत नाही. सारलेल्या विडीची मजुरी नाही,
आणि विडी परतही मिळत नाही.
या मजुरीवर मी अर्थशास्त्र शिकले.

"तुझी आज किती झाली?" ती विचारते.
चारशे पूर्ण झाले अम्मा.
"आणि छाट?"
तिला कधीतरी मीच सांगितलं होतं,
आमच्यातही असते म्हणून.
एकशे बारा.

तिचा अंगठा दोऱ्यावर थांबतो.
पेरांवर मोजते: शंभरात अठ्ठावीस.
"आमच्यात पाच जाते. सात जाते.
त्याचं डोकं फिरलं असलं तर दहा."
दोरा तोडते दातांनी.
"कोण गं तुमचा चेकर?"

मी पाणी प्यायला उठते.
परत येऊन लॅपटॉप उघडते,
दोनशे सत्त्याऐंशीव्या ओळीत
टाइप करते पाच, शून्य, शून्य.
रकाना लाल होतो: अवैध नोंद.
पुण्याहून साडेनऊला फोन येईल.
फोटोत पावतीच्या कडेला
मायाक्काचा अंगठा आलाय, कुसळ रुतलेला.
शेजारी अम्मा नवं पान उचलते,
मापावर ठेवते, कापते.
मी रकाना तसाच ठेवते,
लाल.